सोनसाखर

सुगंधाचा फोन आला तेव्हा शलाका धुमकच्या हातांत रबरी हातमोजे होते आणि समोर काचेच्या चंबूत तिचं औषध ढवळलं जात होतं. भावजय कामाच्या वेळी सहसा फोन करत नसे. केलाच तर घरी काहीतरी बिनसलेलं असायचं. शलाकाने कोपराने बटण दाबलं आणि जीव मुठीत धरून "काय गं?" म्हणाली.

"वन्सं, खाज गेली!" सुगंधा ओरडूनच बोलली. "अंगावर एक चट्टा ऱ्हायला नाय. किती दिसांनी ते सलग झोपले. म्हटलं, पयलं तुमाना सांगावं."

शलाकाला एकदम हलकं वाटलं. सुदेश तिचा धाकटा भाऊ. गेला महिनाभर क्षयासाठी त्याला तिनेच तयार केलेलं औषध टोचलं जात होतं, आणि त्या औषधाने अंगाला अशी खाज सुटायची की माणूस रडकुंडीला यावा. सोन्याच्या औषधांचा तो जुनाच दोष. खाजेवर गोळ्या देऊन देऊन डॉक्टर थकले होते.

"चला, कुठली तरी गोळी लागू पडली म्हणायची," ती म्हणाली.

"गोळी कसली घेऊन बसलात! कुंडावर न्हेलं त्यांना. आठवडा झाला, रोज सकाळी तासभर पान्यात बसतात नि वर तांब्याभर पितात. आपल्या कुंडाम्होरं तुमच्या गोळ्या काय टिकनार?"

सुगंधा हसली. शलाका हसली नाही. ढवळणारं यंत्र बंद करायला तिने हात पुढे केला, तर बटण कुठलं तेच तिला कळेना.

"सुगंधा, ऐक. आत्ताच्या आत्ता ते पाणी बंद. पिणं नाही, अंघोळ नाही, तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. मी पुण्याहून निघतेय."

"अवो, पन बरं वाटलंय त्यांना!"

"निघतेय मी," शलाका म्हणाली आणि फोन ठेवला.

तिला एवढी कशाची धास्ती बसली, ते कळायचं तर आधी औषध कळायला हवं.

त्या सुमारास क्षयाच्या जंतूने बाजारातली सगळी औषधं पचवून टाकली होती. एकेकाळी सहा महिन्यांत बरा होणारा हा रोग, पण आता कितीतरी रोग्यांवर काहीच चालत नसे. सरकारी भाषेत त्यांच्यासाठी लांबलचक नाव होतं. वॉर्डातल्या परिचारिका सरळ 'निरुपाय' म्हणत. निरुपाय माणसाला घरच्यांपासून वेगळं ठेवायचं, चांगलंचुंगलं खायला घालायचं आणि वाट बघायची, एवढाच उपचार उरला होता.

सोनं या जंतूला मारतं, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. जगताना जंतूच्या आत जो विषारी कचरा साठतो, तो निस्तरणारं एक विकर त्याच्याकडे असतं. सोन्याचा अणू त्या विकराला जाऊन चिकटला की कचरा तसाच साठत जातो आणि जंतू त्यातच गुदमरतो. अडचणी दोन होत्या. सोनं पाण्यात विरघळत नाही, मग ते रक्तात सोडायचं कसं? आणि सोडलंच, तर जंतू कुठला आणि माणूस कुठला हे त्याला कळत नाही. पहिली अडचण शलाकाच्या गुरूंच्या पिढीने सोडवली होती. सोन्याच्या अणूला एका बाजूने फॉस्फरसचा पिंजऱ्यासारखा छोटा रेणू जोडला की तो जोड पाण्यात मिठासारखा विरघळतो. दुसरी अडचण शलाकाने सोडवली. अळंबीत ट्रेहॅलोज नावाची एक साखर असते. माणसाच्या पेशी तिला हिंग लावून विचारत नाहीत, पण क्षयाचा जंतू तिच्यासाठी हपापलेला असतो. ती आत ओढून घ्यायला त्याच्या अंगावर खास दार असतं. शलाकाने ही साखर सोन्याच्या दुसऱ्या बाजूला टांगली. जंतू साखर म्हणून सोनं गिळू लागला. प्रयोगशाळेत कुणीतरी त्याला 'सोनसाखर' म्हणालं आणि तेच नाव पडलं.

आता साखर सोन्याला टांगायची तर मधे आकडा लागतो, आणि तो आकडा गंधकाचा. सोन्याला गंधकाचं भारी वेड, म्हणून जोड पक्का बसतो. पण त्याच वेडापायी, आणखी मोकळा आणि झोंबरा गंधक समोर आला तर सोनं साखरेला सोडून त्याच्या गळ्यात पडतं. रक्तात एरवी असतो तेवढ्या गंधकाने काही बिघडत नाही, हे शलाकाच्या लोकांनी तपासून घेतलं होतं. मात्र कुंडवाडीच्या, म्हणजे शलाकाच्या गावच्या, गरम पाण्याच्या कुंडाला सडक्या अंड्यांचा वास येतो. त्या कढत पाण्यात गंधकाचा वायू विरघळलेला आहे. माणूस त्या वाफेत बसून तो तासभर छातीत ओढतो आणि वर तेच पाणी पितो. साखर गळून पडलेल्या सोन्याला मग काही पत्ता उरत नाही. ते मिळेल तिथे शिरतं, आणि त्यातही हाडांतल्या मज्जेत, जिथे रक्त तयार होतं, तिथे ठाण मांडतं. सुदेशची खाज गेली होती ती खोटी नव्हती. कातडीतलं सोनं गंधकाने खरंच ओढून नेलं होतं, फक्त ते अंगाबाहेर गेलं नव्हतं.

बरं, कुणी बजावलं नव्हतं असंही नाही. गंधकाचं मलम नको, गंधकाची आयुर्वेदिक औषधं नकोत, हे पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं. दर आठवड्याला आरोग्यसेविका येऊन विचारायची, दुसरं काही औषध घेता का? आणि सुगंधा अगदी खरं ते सांगायची, की नाही. कारण कुंडवाडीत कुंडाचं पाणी हे औषध नव्हेच. ते देवीचं पाणी. बाळंतिणीचं पहिलं न्हाण त्याचं; खरूज झाली, नायटा झाला की त्यात बसायचं, देवीच्या पाया पडायचं आणि घरी यायचं. शलाकाही त्याच पाण्यात लहानाची मोठी झाली होती. सोनं आणि गंधक यांच्या जोडावर तिने प्रबंध लिहिला होता, आणि तरी इतक्या वर्षांत तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं की आपल्या देवीच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड आहे. संगमेश्वरच्या अलीकडच्या वळणांवर गाडी हाकताना तिला स्वतःचाच संताप येत होता. सुगंधावर रागवायला तिने बरीच कारणं शोधून पाहिली, एकही सापडलं नाही.

सुदेश पडवीत खुर्ची टाकून बसला होता आणि चक्क तंदुरुस्त दिसत होता. जांभ्याच्या चिरेखाणीत त्याचं कापणीचं यंत्र होतं. तांबडी धूळ गिळत त्याने तिथे तारुण्य घालवलं होतं आणि तिथूनच हा आजार घरी आणला होता. बहिणीला बघून तो दिलखुलास हसला.

"ताय, येवढ्या तातडीनं? सोनं परत मागायला आलीस काय? आता नाय देनार हां. सुगंधानं ठरवलंय, मी मेलो की मला सोनाराकडं न्हेनार."

"पाय दाखव," शलाका म्हणाली.

नडगीवर जांभळे ठिपके होते, कुणी टाचणीने टोचत गेल्यासारखे. दात घासताना रक्त येतं का, तिने विचारलं. "येतं थोडं, ब्रश नवा हाय," तो म्हणाला. मग त्याने त्याच्या मनातली गोष्ट काढली, जी तो प्रत्येक भेटीत काढायचा.

"दुर्वाला कंदी आनायची?"

दुर्वा त्याची मुलगी, पहिलीत गेलेली. बापाचा रोग निरुपाय ठरला त्या आठवड्यात तिची रवानगी आजोळी, लांज्याला झाली होती. तेव्हापासून त्याने तिला जवळ घेतलं नव्हतं.

"आता थुंकीत जंतू दिसत नाय म्हनाली आरोग्यसेविका," तो म्हणाला. "पोर पडलं, दात तुटला, तो पन मी फोनवरच बघितला. सोनं टोचा, लोखंड टोचा, माजं काय म्हननं नाय. मला फकस्त तिला येकदा मांडीवर घेऊन बसायचं हाय."

"आधी हॉस्पिटलात चल," शलाका म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी होतं, कारण तो लगेच सदरा घालायला उठला.

जिल्ह्याच्या रुग्णालयात क्षयाचा विभाग डॉक्टर नाझनीन परकार बघत. बाई दापोलीकडच्या, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. त्यांनी रक्ताचा निकाल पाहिला, शलाकाला आपल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"प्लेटलेट्स तळाला गेल्यात. पांढऱ्या पेशीही त्याच वाटेवर आहेत. तुमच्या औषधाला उतारा आहे ना?"

"आहे. अंगातलं सोनं ओढून घेऊन लघवीवाटे बाहेर काढतो. मज्जा वाचेल."

"मग अडलंय कुठे?"

"उतारा सगळंच सोनं काढतो, मॅडम. छातीतलंही. जंतूंच्या पोटातलंही." शलाका खाली बघून बोलत होती. "थुंकीत दिसत नाहीत म्हणजे मेले असं नाही, उरलेत थोडे. आणि हा आठवडाभर त्यांना औषध मिळालं ते अर्धमुर्धं. अशा वेळी ज्यांनी साखर खायचं सोडलं तेच जगतात. साखरेचं दारच बंद करून टाकतात ते. त्यांची पैदास पुढे वाढली की सोनसाखर बाहेरच राहणार. सुदेशला पुन्हा उपयोग नाही, आणि त्याच्यापासून ज्याला लागण होईल त्यालाही नाही."

"आणि उतारा न देता उरलेले डोस पुरे केले तर?"

"क्षय बहुतेक मरेल. मज्जाही बहुतेक मरेल."

परकारबाईंनी निकालाचा कागद पुन्हा एकदा वाचला. बाहेर रोग्यांची रांग कुरकुरत होती.

"हे त्यानं ठरवायचं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही नाही आणि मीही नाही. मी बोलते त्याच्याशी."

"मी बोलते. तुमच्या तोंडून ऐकलं तर हाय खाईल. मी साध्या शब्दांत सांगते, बहिणीनं सांगितलेलं त्याला समजेल."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग मान हलवली. "सगळं सांगा मात्र. उतारा घेतला तर मुलीपासून लांब राहावं लागेल, बहुधा कायमचं. हे आधी सांगा, बाकीचं नंतर."

सुदेशच्या खोलीत पाऊल टाकेपर्यंत सगळं सांगायचाच शलाकाचा विचार होता. तिची बाजू मांडायची तर एवढंच मांडता येईल.

त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं होतं. सुगंधा कापूस बदलत होती, आणि दारातून आलेल्या शलाकाकडे त्याने असं पाहिलं की तिला लहानपणी विहिरीच्या कठड्यावरून खाली बघणारा सुदेश दिसला.

"ताय, मी मरनार काय गं?"

"नाही," ती म्हणाली. "औषधानं रक्त बिघडलंय. त्याला उतारा आहे. आजच चालू करू."

"नि टीबी?"

तिने क्षणभर विचार केला. तो क्षण पुढे तिने इतक्या वेळा उलटून पालटून पाहिला की त्याच्या कडा झिजून गेल्या. आपला भाऊ आपल्याला ठाऊक आहे, असं तिला वाटलं. खरं सांगितलं तर हा उतारा घेणार नाही. पोरीला मांडीवर घ्यायला मिळणार नसेल तर मला जगून करायचंय काय, असं म्हणेल, उरलेले डोस टोचून घेईल आणि दिवाळीच्या आत जाईल.

"टीबीचं काम झाल्यात जमा आहे," ती म्हणाली. "उरलेल्या डोसांची गरज नाही."

"मग दुर्वाला आनू?"

"बरा होऊन घरी जा. मग आणू."

सुगंधाने हातातला कापूस खाली ठेवला आणि वाकून शलाकाच्या पायांना हात लावला. "वन्सं, तुमी व्हतात म्हनून," ती म्हणाली. शलाकाने पाय मागे घेतले, पण तोवर हात लागला होता. मग ती परकारबाईंकडे गेली आणि सुदेशने उतारा घ्यायचं ठरवलंय, असं सांगितलं.

उतारा लागू पडला. ठिपके विरले, रक्त भरून आलं आणि दिवाळीला सुदेश घरी आला. दुर्वाही आली. ती येण्याआधी शलाकाने तिचं रक्त तपासून घेतलं होतं. त्यात क्षयाचा मागमूस नव्हता. खाणीतल्या धुळीने फुप्फुसं नाजूक झालीत, तेव्हा तोंडाला फडकं लाव, खिडक्या उघड्या ठेव, काही महिने वेगळ्या खोलीत झोप, असं तिने सुदेशला बजावलं. त्याने तुळशीच्या लग्नापर्यंत ते पाळलं. नंतर थंडी पडली आणि पोर मध्यरात्री उठून बापाच्या गोधडीत शिरायला लागली. तिला परत पाठवायचं काही कारण त्याच्याजवळ नव्हतं.

डोस थांबले तशी आरोग्यसेविकेची दर आठवड्याची फेरीही थांबली होती. परकारबाईंचा फक्त फोन यायचा. "तो वेगळा राहतोय ना?"

"हो," शलाका सांगायची. "त्याला सगळी कल्पना आहे."

एकदा खोटं बोललं की ते मुरंब्यासारखं नीट झाकून ठेवावं लागतं, हे तिला नव्याने कळत होतं. आणि गंमत अशी की त्याच काळात चारचौघांत तिच्या सचोटीची वाहवा चालली होती. कुंडाच्या पाण्याचा प्रकार तिने स्वतःहून पुण्याच्या आपल्या संस्थेला कळवला होता. राज्यभर सोनसाखर घेणाऱ्यांना गरम झऱ्यांवर जायची बंदी झाली होती, त्याने माणसं वाचली होती. सभेत टाळ्या झाल्या तेव्हा ती पाणी प्यायच्या निमित्ताने उठून बाहेर गेली.

ती स्वतःची समजूत घालायची. सगळ्यांचाच रोग उलटतो असं नाही, काही जण सुटतात. उरलेल्या मूठभर जंतूंना शरीरच गिळून टाकतं. सुदेश सुटेल. दर महिन्याला रक्ताची प्रगती बघायच्या नावाखाली ती त्याची थुंकी मागवायची आणि स्वतः तपासायची. पौष महिन्यापर्यंत काही आलं नाही, आणि देवावर फारसा विश्वास नसलेल्या शलाकाने तेव्हा देवीला नारळ बोलला.

माघात प्रयोगशाळेतल्या बशीत त्याच्या थुंकीतले जंतू वाढले. तिने एका बशीत नुसतं खाद्य ठेवलं होतं आणि दुसरीत खाद्यात सोनसाखर मिसळली होती. दोन्हींत सारख्याच जोमाने वाढले. तिने आयुष्यभराचं काम ओतून केलेलं औषध त्यांच्या शेजारी पाण्यासारखं पडून होतं.

त्याच आठवड्यात तिने आरोग्यसेविकेला सांगून, अशक्तपणा बघायचा म्हणून, दुर्वाचं रक्त मागवलं. तो निकाल वाचला त्या दिवशी ती प्रयोगशाळेतून उठली ती घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. कुणाला काय सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, हे ठरवता ठरवता शिमगा आला. तोवर सुदेश खाणीत जात होता, माणसांत बसत होता, मुलीला कुशीत घेऊन झोपत होता. हे सगळं तिला ठाऊक होतं आणि तरी तिचा पाय निघत नव्हता. आपण भित्र्या आहोत, हे तिला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं.

शेवटी ती गेली, तो देवीची पालखी घरी यायचा दिवस निघाला. अंगणात ढोल वाजत होता, बायका ओवाळायला उभ्या होत्या आणि पालखीचा पुढचा दांडा सुदेशच्या खांद्यावर होता. दोन फेरे नाचला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. शेजाऱ्याने खांदा दिला. सुदेश गुडघ्यांवर हात ठेवून खोकत राहिला आणि मग हसत म्हणाला, "म्हातारा झालंव आता."

पालखी पुढच्या घरी गेली. जेवणं झाली. दुपारी पडवीत तो भिंतीला टेकून बसला होता आणि पळापळीने दमलेली दुर्वा त्याच्या मांडीवर पेंगत पेंगत झोपून गेली होती. सुगंधा तांदूळ निवडत होती.

"खोकला कधीपासून आहे?" शलाकाने विचारलं.

"धूळ गं. खान चालू झाली ना परत."

"धूळ नाही, सुदेश."

आणि मग तिने सांगितलं. हॉस्पिटलातल्या त्या दुपारपासून सगळं सांगितलं. परकारबाईंनी काय सांगायला सांगितलं होतं, आपण त्यातलं काय गाळलं, दर महिन्याच्या थुंकीत आपण काय शोधत होतो, माघात काय सापडलं. सुगंधाचे हात तांदळात तसेच राहिले.

मुलीच्या पाठीवर थोपटणारा सुदेशचा हात सुरुवातीलाच थांबला होता. आता त्याने दोन्ही हात वर उचलले, आणि उचललेले तसेच अधांतरी धरले. तोंड दुसरीकडे फिरवलं. तो श्वास रोखून धरत होता, अंगणाकडे तोंड करून थोडा थोडा सोडत होता.

"सुगंधा, हिला घे," तो म्हणाला.

सुगंधा उठली नाही. ती शलाकाकडे बघत होती. "पोर आली तवा तुमाना म्हायती व्हतं?"

"हो."

"मी तुमच्या पाया पडले व्हते."

शलाका भावाकडे वळली. "तू मेला असतास, सुदेश. तुला विचारलं असतं तर तू उताऱ्याला नाही म्हणाला असतास."

"कोन म्हनालं तुला?" तो अंगणाकडेच बघत बोलला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मला मरायचं भ्या वाटत व्हतं, ताय. नाकातनं रगत चाललेलं, मी कशाला नाय म्हनू? उतारा घेतला असता नि खानीवरच्या खोपीत जाऊन ऱ्हायलो असतो. हिला लांबनं बघितलं असतं. तेवढं जमलं असतं मला. तू इचारलंच नाय."

शलाका रडायला लागली. आपल्या रडण्याची तिला लाज वाटत होती, पण ते थांबत नव्हतं. भावाला आपण वाचवलं असं ती इतके महिने स्वतःला सांगत आली होती. तो स्वतःच वाचायला तयार होता, आणि पोरीलाही त्याने वाचवलं असतं.

"सुगंधा, घे ना हिला," सुदेश म्हणाला. "मी आत्ताच निघतो खोपीवर. भाकर बांधावर ठेवत जा."

आता आणखी एकच गोष्ट सांगायची उरली होती.

"सुदेश," शलाका म्हणाली, "दुर्वाचं रक्त मी तपासलंय."

त्याचे हात अजून वरच होते.

"दिवाळीला काही नव्हतं. आता आहे. तुझ्याकडचेच जंतू आहेत. सध्या गप्प आहेत, कदाचित जन्मभर गप्पच राहतील. खूप जणांच्यात राहतात."

"नि नाय ऱ्हायले तर? तुजं औषद?"

"त्यांच्यावर चालणार नाही. दुसरं माझ्याकडे काही नाही. कुणाकडेच नाही."

अंगणात पालखीच्या फुलांचा कचरा पडला होता. लांबून ढोल ऐकू येत होता. मग सुदेशचे हात सावकाश खाली आले. एक त्याने पोरीच्या केसांवर ठेवला, दुसऱ्याने तिची पाठ धरली, आणि तिला उचलून छातीशी घेतलं. तिच्या डोक्यावर त्याने गाल टेकवला. सुगंधा उठून त्या दोघांच्या शेजारी जाऊन बसली, अगदी खेटून.

हे बरोबर नाही, हे शलाकाला कळत होतं. छातीत जंतू एकदा गेले म्हणजे पुन्हा जायचे थांबत नाहीत. जितके जास्त जातील तितका धोका वाढतो, आणि सुगंधाला तर अजून लागण झालीच आहे असंही नाही. या वेळी तरी खरं ते पूर्ण सांगायलाच हवं होतं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "सुदेश, तरीसुद्धा लांब राहायला हवं. ऐक माझं. दर श्वासाला—"

"हळू बोल, ताय," सुदेश म्हणाला. "आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."